हीटरजवळची टाळी

रॅपर कोर्टने माइक तोंडाजवळ नेला, श्वास घेतला आणि काहीच म्हटलं नाही. त्याच्या मागे पूर्ण ऑर्केस्ट्रा वाजत होता. त्याची ओळ सुरू व्हायची जागा आली आणि गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. शेवटी फोर्सबर्गबाईंनी छडी खाली घेतली आणि एकेक वाद्य थांबत गेलं. टूबा सगळ्यात शेवटी थांबला. त्याला नेहमीच उशिरा कळतं.

"काय झालं?" फोर्सबर्गबाईंनी विचारलं.

"दार सापडेना," कोर्ट म्हणाला. "या गाण्यात मी पंचवीस वर्षं एकाच दारातून आत शिरतोय. तुम्ही ते विटा लावून बुजवलंत. वर छान रंगही दिलात."

व्हायोलिनच्या रांगेत काहीजण हसले. मी हसले नाही. मी व्हायोलाच्या चौथ्या बाकावर बसते, पण त्या दिवशी सगळ्यांच्या स्टँडवरचे कागद मी लिहिलेले होते.

गाणं 'लिनवुड, जानेवारी'. डेट्रॉइटमध्ये माझ्या वयाच्या कुणालाही त्याची पहिली दोन सेकंदं ऐकवा, मान हलायला लागते. शब्द कोर्टचे, पण मान हलते ती शब्दांनी नाही. ती हलते मिस व्होनेटा ब्रूकिन्सच्या ठेक्याने. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आईच्या तळघरात बसून, ड्रम मशीनच्या रबरी बटणांवर बोटं मारून तिने तो केला. त्या मशीनमध्ये एक सोय असते: बोट थोडं मागेपुढे पडलं तर मशीन ते सरळ करून घेतं. मिस व्होनेटाने ती सोय कधीच चालू केली नाही. त्यामुळे बास जिथल्या तिथे पडतो आणि स्नेअरची, म्हणजे चपट्या ढोलाची थाप, जिच्यात टाळीसुद्धा मिसळलेली आहे, ती किंचित मागे राहते. चूक वाटेल इतकी मागे नाही. वाट बघायला लावेल एवढीच.

शहरातल्या हिप-हॉपची एक पूर्ण मैफल आमच्या ऑर्केस्ट्राने करायची ठरवली, तेव्हा मी हे गाणं मागून घेतलं. अशा मैफली मी पाहिल्या आहेत. बहुतेक ठिकाणी ढोल आणि बास लॅपटॉपमधून येतात आणि ऑर्केस्ट्रा त्यावर लांब लांब सूर पसरवतो, केकवर क्रीम पसरावं तसा. मी मिस व्होनेटाला शब्द दिला होता की लॅपटॉपमधून काहीही येणार नाही.

तो शब्द तिने माझ्याकडून मागून घेतला होता, हे सांगायला हवं. शाळेत असताना तिने बँडमध्ये ढोल मागितला होता. बँडच्या मास्तरांनी एक आठवडा ऐकलं आणि काढून टाकलं. "तुला ताल नाही," ते म्हणाले, "तू उशिरा येतेस." पुढे तिच्या रेकॉर्डी चालल्या, तेव्हा लोक म्हणाले की ते मशीन आहे, माणसाला वाजवता येणार नाही. "एकदाच, बेबी," ती मला म्हणाली होती, "खुर्च्यांवर बसलेल्या माणसांनी ते वाजवलेलं मला ऐकायचंय. मग मला कळेल की मी वेडी होते की नव्हते."

आता ती प्रेक्षागृहाच्या सातव्या रांगेत कोट घालूनच बसली होती, मांडीवर पर्स, चेहऱ्यावर काही नाही.

"प्रोफेसर," कोर्टने मला हाक मारली. मी पदार्थविज्ञान शिकले हे त्याला कळल्यापासून मी प्रोफेसर आहे. "तुझ्यावर राग नाही. पण शनिवारी माझी आई, माझी पोरं, माझा पॅरोल ऑफिसरसुद्धा येणार आहे."

"तुझा पॅरोल कधीच संपला," सातव्या रांगेतून मिस व्होनेटा म्हणाली.

"म्हणूनच बोलावलंय. ऐट दाखवायला. तेव्हा संध्याकाळच्या तालमीत जमलं तर जमलं. नाहीतर रिको लॅपटॉप चालू करेल आणि तुम्ही सगळे त्यावर गोड गोड वाजवा. माएस्ट्रो, चालेल?"

फोर्सबर्गबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मला चालवून घ्यावं लागेल," त्या म्हणाल्या. ध्वनीच्या टेबलामागे बसलेल्या रिकोने खांदे उडवले. त्याच्याकडे फाइल तयारच होती.

दुपारची सुट्टी झाली. मी कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसले आणि फोनवर केलेलं तालमीचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर ताणून पाहिलं. मूळ रेकॉर्डही शेजारी ठेवली. ही रेकॉर्ड मी महिनाभर मोजली होती. स्नेअर किती मागे राहते ते थापेगणिक काढलं होतं आणि त्याप्रमाणे स्वर लिहिले होते, इतके बारीक की टेड विश्नेव्स्कीने पहिल्यांदा कागद पाहून विचारलं होतं, "यावर मुंगी मेली आहे का?" टेड आमचा तालवादक. तीस वर्षं ऑर्केस्ट्राच्या सगळ्यात मागे उभा आहे. त्याने लिहिलं तसंच वाजवलं होतं, यात शंका नव्हती.

पण पडद्यावर बास आणि स्नेअर एकमेकांना चिकटून बसले होते. मी लिहिलेला उशीर कुठेतरी सांडला होता.

"खाल्लंस का?" मिस व्होनेटा समोर उभी होती. "नाही ना. चल, मला चर्चवर सोड. हीटर लावायचाय, संध्याकाळी माशांचं जेवण आहे. लवकर लावला नाही तर सिस्टर अर्लीन कोट घालून मासे तळते आणि मग रविवारपर्यंत त्या कोटाचा वास येतो."

मी गाडीत तिला सांगितलं की उशीर गळतोय आणि कुठून ते मला कळत नाही.

"टेड चांगला माणूस आहे," ती म्हणाली. "पण तो मदत करतोय."

"म्हणजे?"

"मला काय माहीत म्हणजे काय. ऐकायला तसं वाटतं. दार उघडून धरल्यासारखं."

मी स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरला आणि विचार करत राहिले. टेडच्या मदतीचं अर्धं उत्तर मला लिनवुड रस्त्यापर्यंत पोचायच्या आत सापडलं, आणि ते इतकं साधं होतं की मला स्वतःचाच राग आला. आवाजाला अंतर कापायला वेळ लागतो, मीटरमागे सेकंदाचे सुमारे तीन हजारांश. मागच्या रांगेतला वादक पुढच्यांचं ऐकून वाजवायला लागला तर तो श्रोत्यांपर्यंत उशिरा पोचेल. म्हणून मागच्या वादकांना पहिल्याच वर्षी एक वाक्य शिकवतात: ऐकू नकोस, बघ. कानांवर विश्वास ठेवायचा नाही, छडी बघायची आणि जे ऐकू येतं त्याच्या पुढे राहायचं. टेड तीस वर्षं तसा पुढे राहतोय. मी त्याला थोडं मागे राहायला लिहून दिलं आणि त्याच्या हाताने ते आपोआप भरून काढलं.

उरलेलं अर्धं आमचं, तारवाल्यांचं. टेडची थाप जिथे थोडी मागे राहिलीच, तिथे आम्ही सगळे सौजन्याने तिच्यासाठी थांबलो. चांगला ऑर्केस्ट्रा असाच असतो, कुणी मागे पडलं की सगळे त्याला सांभाळून घेतात. पण सगळे एकत्र उशिरा आले की कुणीच उशिरा आलेलं नसतं.

रोग कळला. औषध कळलं नव्हतं. टेडला "आणखी मागे राहा" म्हटलं तर तो आणखी मोजून वाजवणार आणि ते मोजल्यासारखंच वाजणार.

मिस व्होनेटाचं चर्च पूर्वी बोलिंगची जागा होती. लांब, अरुंद, छत बुटकं. जिथे पिना उभ्या असत तिथे आता व्यासपीठ आहे आणि त्याच्या कडेला हॅमंड ऑर्गन. लाकडी जमीन तीच आहे. बाकांच्या मधून नीट पाहिलं तर चेंडू सोडायचे बाण अजून दिसतात. हीटर एकच, भिंतीला लावलेला, खोलीच्या साधारण मध्यावर.

सिस्टर अर्लीन आणि तिची बहीण डॉट आधीच आल्या होत्या. हीटरशेजारच्या बाकावर बसून कागदी रुमालांत काटे-चमचे गुंडाळत होत्या.

"आलीस का? आम्ही गोठून मेलो असतो तर ऑर्गन कुणी ऐकला असता?" अर्लीन म्हणाली.

"मेलेल्यांनी तरी तक्रार केली नसती," मिस व्होनेटा म्हणाली आणि हीटरची कळ फिरवली.

"ही पोरगी कोण?"

"केंड्रा. टॉलिव्हरांची. ती माझं गाणं त्या मोठ्या हॉलमध्ये वाजवतेय."

"ती फिजिक्सवाली?" डॉटने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सांग बरं, हा हीटर फक्त डावीकडेच का गरम होतो?"

"त्यात हवा अडकली असेल."

"हेच मी पास्टरला सांगतेय. फुकटात."

हीटर खडखडायला लागला. तो तापेपर्यंत बोटं गरम ठेवायला मिस व्होनेटा ऑर्गनवर बसली आणि एका जुन्या भजनाची चाल वाजवू लागली. मी तिच्या बाकाशेजारी उभी होते. रुमाल गुंडाळता गुंडाळता दोघी बहिणी टाळ्या वाजवायला लागल्या. त्यात विशेष काही नाही. आमच्याकडे ऑर्गन सुरू झाला की हात रिकामे राहत नाहीत.

मग माझ्या मानेने ते माझ्या आधी ओळखलं. ती हलत होती.

बास मिस व्होनेटाच्या डाव्या पायाखाली, जिथल्या तिथे. टाळी किंचित मागे. 'लिनवुड, जानेवारी'ची टाळी, रेकॉर्डवरची, जी मी महिनाभर पडद्यावर ताणत बसले होते, ती त्या दोघी काटे-चमच्यांमधून वाजवत होत्या.

"थांबू नका," मी ओरडले. "कुणीही थांबू नका."

मी धावत हीटरजवळ गेले. तिथे टाळी आणि ऑर्गन एकत्र होते, अगदी बिनचूक. अर्लीन आणि डॉट बरोबर तालात होत्या. मी धावत परत ऑर्गनजवळ आले. टाळी मागे. पुन्हा हीटर. बरोबर. पुन्हा ऑर्गन. मागे.

"हिला काय झालं?" डॉटने विचारलं.

"देव आला असेल अंगात," अर्लीन म्हणाली.

"मिस व्होनेटा," मी धापा टाकत म्हणाले, "तुम्ही लहानपणापासून इथेच बसता?"

"नवव्या वर्षापासून. आधी आई वाजवायची, मी तिच्याशेजारी या बाकावर."

"आणि म्हाताऱ्या बायका हीटरजवळ."

"हिवाळ्यात दुसरीकडे कुठे बसणार?"

मग मी तिला सांगितलं. ऑर्गनचा सूर हीटरपर्यंत जायला थोडा वेळ लागतो. बायका तो ऐकतात तेव्हा टाळी वाजवतात, त्यांच्या हिशेबाने अगदी वेळेवर. ती टाळी परत ऑर्गनपर्यंत यायला तेवढाच वेळ लागतो. जायचा आणि यायचा मिळून जो उशीर होतो, तोच रेकॉर्डवर आहे. मी नंतर मोजपट्टीने अंतरही मोजलं. माझ्या आकड्यांशी हातभराच्या फरकाने जुळलं, आणि तो हातभर फरक अर्लीन बाकाच्या कुठल्या टोकाला बसते यावर होता.

मिस व्होनेटाचे हात पट्ट्यांवर थांबले. "पण टाळी अशीच असते," ती म्हणाली.

"इथे बसल्यावर."

"मी दुसरीकडे बसलेच नाही कधी." ती उठली, हीटरपर्यंत चालत गेली आणि बहिणींच्या मध्ये बसली. "केंड्रा, जा, वाजव काहीतरी."

मला ऑर्गन येत नाही. मी एका बोटाने बास वाजवला. तिघींनी टाळ्या वाजवल्या. मिस व्होनेटाने मान वाकडी करून बराच वेळ ऐकलं.

"अगं बाई," ती शेवटी म्हणाली. "इथे किती सपाट आहे."

परत जाताना तिने मला कागदी रुमालात गुंडाळलेला, अर्लीनने नुकत्याच तळलेल्या माशाचा तुकडा दिला. मी तो एका हाताने खाल्ला आणि दुसऱ्या हाताने गाडी चालवली, आणि स्टेजवरच्या खुर्च्या डोक्यात हलवत राहिले.

संध्याकाळची तालीम सुरू व्हायच्या आधी मी फोर्सबर्गबाईंना गाठलं. डबल बास पुढे आणायचे, त्यांच्या अगदी समोर. टेड मागच्या भिंतीशी, सगळ्यात वरच्या पायरीवर. मधलं अंतर चर्चमधल्या ऑर्गन ते हीटरएवढं. आणि टेडच्या कागदावरच्या सगळ्या मेलेल्या मुंग्या खोडायच्या. त्याने साधी दुसरी आणि चौथी मात्रा वाजवायची, पण छडी न बघता, फक्त बास ऐकून.

"माझ्यापर्यंत तो उशिरा पोचेल," त्या म्हणाल्या.

"हो. तुमचे हात त्याच्यासाठी थांबायला बघतील. त्यांना थांबू देऊ नका. आणि तारवाल्यांनाही सांगा, मागे कुणी पडलं तरी वळून बघायचं नाही. मी त्यांच्यातच बसते, मला माहीत आहे आम्ही किती सभ्य आहोत."

त्या म्हणाल्या, "आयुष्यभर मी जे सुधारत आले, ते तू मला करायला सांगतेयस."

"हो."

"आण बास पुढे."

टेड इतक्या सहज ऐकेना. "केंड्रा, मी मागे उभं राहून कानाने वाजवू? विद्यार्थी असताना मी तसं केलं होतं. मास्तरांनी माझ्या काठ्या काढून घेतल्या होत्या."

"ऐकू नकोस, बघ," मी म्हणाले.

"तेच वाक्य."

"आज उलटं. बघू नकोस, ऐक. तू चर्चमध्ये हीटरजवळ बसलेली म्हातारी आहेस. ऑर्गन लांब आहे. तुला छडीबिडी काही माहीत नाही, तुझे हात रुमाल गुंडाळतायत."

"मी कॅथलिक आहे. आम्ही टाळ्या वाजवत नाही."

"टेड."

"बरं, बरं." त्याने स्नेअर भिंतीकडे वळवली आणि फोर्सबर्गबाईंकडे पाठ करून उभा राहिला.

कोर्ट माइकपाशी आला. रिकोचा हात लॅपटॉपवर होता. मी माझ्या खुर्चीवर बसले आणि व्हायोला हनुवटीखाली धरला.

बास सुरू झाले. स्नेअर आली. घट्ट, बरोबर, वेळेवर. पुन्हा भिंत, पुन्हा रंग.

कोर्टने माइक खाली केला. "प्रोफेसर..."

"थांब," मी म्हणाले. नियम मोडून मी वादकांच्या मधून उठले आणि मागच्या पायऱ्या चढले. मला समजेना. टेडची पाठ छडीकडे होती, तो बघू शकत नव्हता. मी त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले आणि तो ज्या दिशेला बघत होता त्या दिशेला पाहिलं. भिंतीत रेकॉर्डिंगच्या खोलीची खिडकी होती. आत अंधार. काचेत छोट्याशा फोर्सबर्गबाई छडी उचलून उभ्या होत्या.

"टेड."

"मी मुद्दाम नाही गं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "समोर दिसतात, तर डोळे जातात."

"डोळे मिटायचे ना मग."

"मिटले होते. आपोआप उघडले. तीस वर्षं, केंड्रा."

मी इकडेतिकडे पाहिलं. खालून कुणीतरी पायऱ्या चढत होतं. मिस व्होनेटा. तिने आपला कोट काढला, हिरवा, लोकरीचा, गुडघ्यापर्यंतचा, दुपारपासून न काढलेला, आणि तो खिडकीच्या वरच्या पट्टीला दोन्ही खांद्यांनी अडकवला. काच झाकली गेली.

"माशाचा वास येतोय," टेड म्हणाला.

"मग बरोबर जागी उभा आहेस," ती म्हणाली आणि आपल्या रांगेकडे परत गेली. मीही उतरून माझ्या खुर्चीवर बसले.

बास सुरू झाले. टेडच्या काठ्या हवेतच राहिल्या. पहिली थाप त्याने सोडून दिली. मी वर असताना त्याचा चेहरा पाहिला होता म्हणून मला माहीत होतं की तो घाबरलाय. दुसरीही गेली.  फोर्सबर्गबाईंनी वर टेडकडे पाहिलं नाही. त्यांची छडी तशीच चालत राहिली, कुणासाठीही न थांबता, आणि त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या.

मग मागून थाप आली.

ती लांबून आली. बास पडला होता, पाऊल जमिनीवर टेकलं होतं, आणि मग, वाट बघायला लावून, ती आली. माझा हात तिच्यासाठी थांबायला गेला. मी तो थांबू दिला नाही. माझ्या शेजारच्या रांगेत कुणाचा तरी थांबला, मग त्यानेही सोडलं. चौथ्या मात्रेला पुन्हा. मान. माझ्यासमोरची सेलोवाल्यांची सगळी रांग माना हलवत होती, आणि सेलोवाले स्टेजवर कधी माना हलवत नाहीत.

कोर्टने माइक उचलला नाही, त्याने तो आधीच उचललेला होता. तो त्या दारातून आत शिरला, जसा पंचवीस वर्षं शिरतोय, खांदा पुढे करून. पहिलं कडवं. दुसरं. मध्येच तो वळून वर बघत हसला, ओळ न सोडता. रिकोने लॅपटॉपचं झाकण लावलं. मला त्याचा आवाज आला नाही, पण पडद्याचा निळा उजेड त्याच्या चेहऱ्यावरून गेला.

मी सातव्या रांगेकडे पाहिलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर कडेच्या बाल्कनीत हा उशीर थोडा वेगळा ऐकू येतो, तिथली तिकिटं ज्यांनी काढली त्यांना शनिवारी थोडं कमी मिळालं. पण सातवी रांग बरोबर होती. मिस व्होनेटा कोटाशिवाय बसली होती, पर्स मांडीवर, आणि टाळी वाजवत होती. टेडच्या थापेबरोबर नाही. ती थाप तिच्यापर्यंत पोचत होती तेव्हा.

शेवटचा सूर आला. फोर्सबर्गबाईंनी छडी झटकन थांबवली आणि आम्ही सगळे एका क्षणात थांबलो, टूबासुद्धा. 

मागून स्नेअर वाजली. एकटीच. मग आणखी एक.

"टेड!" फोर्सबर्गबाई ओरडल्या.

"संपलं?" कोटाकडे तोंड करून टेडने विचारलं. "मला कसं कळणार?"

टूबावाला इतका खूश झालेला मी कधी पाहिला नव्हता. कोर्ट पोट धरून हसत होता. "ते पण ठेवा," तो म्हणाला. "प्रोफेसर, लिहून घे. शेवटच्या दोन थापा, एकट्या टेडच्या."

मी सातव्या रांगेकडे पाहत होते. मिस व्होनेटाने पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं, रुमाल परत ठेवला आणि पर्सची कळ लावली.

"बँडमास्तर खरं बोलत होते," ती मोठ्याने म्हणाली, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. "उशिरा येते मी. आता माझा कोट कुणीतरी आणून द्या."

"शनिवारपर्यंत तो इथेच राहील," टेड वरून म्हणाला.